चार नंबरचा कोपरा

दर बाराव्या दिवशी, उजाडायच्या आत, दीपमाला खराटा आणि ओलं फडकं घेऊन मांजरी गावाजवळच्या कालव्याच्या भरावावर चढायची. दाराच्या मागच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल पेन्सिलीचा गोल असायचा, पण तिला तो बघावा लागत नसे. नोव्हेंबरपासून बारा दिवसांची मोजणी तिच्या अंगातच मुरली होती. अकराव्या दिवशी संध्याकाळी ती फडकं धुऊन दोरीवर टाकायची आणि तिची सासू विमलाबाई म्हणायची, "उद्या तुझा वरचा पाव्हणा येणार जणू."

पाहुणा यायचा तो कुणाला दिसायचा नाही. सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी तो डोक्यावरून निघून जायचा. ना आवाज, ना धूर. त्याच्यासाठी भरावावर सात कोपरे मांडून ठेवले होते आणि ते झाडून-पुसून लख्ख ठेवायचं काम दीपमालाकडं होतं.

कोपरा म्हणजे ॲल्युमिनियमचे तीन त्रिकोणी पत्रे, एकमेकांना काटकोनात जोडलेले, तोंड आभाळाकडं. खाली तीन बोल्ट, आणि ते बोल्ट धरून ठेवणारा सिमेंटचा चौथरा. दीड किलोमीटरच्या टप्प्यात असे सात. त्यांच्या एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला तीन पुरुष उंचीचा उतार. उताराच्या पायथ्याशी बत्तीस पत्र्याची घरं आणि त्यापलीकडं ज्ञानदेव आबांचा ऊस. घरांखालची जागाही आबांचीच. बत्तीसमधलं तिसरं घर दीपमालाचं, आणि चार नंबरचा कोपरा बरोबर त्या घराच्या डोक्यावर.

हे कोपरे बसवून घेतले अपूर्वा मॅडमनी. नारायण पेठेतली ही तिशीची बाई. कालवा सांभाळणाऱ्या खात्यानं तिच्या कंपनीला भरावावर नजर ठेवायचं काम दिलं होतं. ती आली तेव्हा दीपमालानं विचारलं होतं, "मॅडम, नजर ठिवायची तर इथं माणूस बसवायचा. आभाळात कशाला?"

"माणूस जेवायला जातो," अपूर्वा म्हणाली. "हा उपग्रह जात नाही. सातशे किलोमीटरवरून रडारची लहर खाली सोडतो, ती आपटून परत जाते. मागच्या वेळेपेक्षा जमीन केसभर खाली गेली असेल तर लहरीला परतायला तेवढा उशीर होतो. तो उशीर हा मोजतो. ढग असोत, धुकं असो, काही फरक पडत नाही."

"मग कोपरे कशाला? हितं ऊस हाय, झुडपं हायेत, त्येच्यावर आपटू द्या."

"ऊस वाऱ्यानं हलतो. दर वेळी वेगळंच सांगतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही."

"म्हंजी आबावानीच," दीपमाला म्हणाली. ज्ञानदेव आबा शेजारीच उभे होते. ते हसले, कारण भाडं वाढवणार नाही असं सांगून त्यांनी दोनदा वाढवलं होतं.

विमलाबाईनं ही सगळी हकिकत ऐकली आणि एवढंच म्हणाली, "इतक्या लांबनं केसभर दिसतंय. आन तुझ्या सासऱ्याला समोरची बैलगाडी दिसत नव्हती."

दीपमालाला मात्र त्या न दिसणाऱ्या पाहुण्याचं फार अप्रूप होतं. तिचा जन्म मापात गेला होता. बाप गवंडी, नवरा उत्तरेश्वर गवंडी. कळंबकडून पुण्याला आल्यावर ती बिगारी म्हणून घमेली वाहायची, पण ओळंबा धरायला, दोरी ताणायला, लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणायला उत्तरेश्वरला तिच्याशिवाय दुसरं कुणी चालत नसे. सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरकही दोघांना झोपू द्यायचा नाही. आणि इथं तर कुणीतरी असा होता की ज्याला सुताचाही दहावा हिस्सा दिसत होता, तोही आभाळातून, चालता चालता! तिला वाटायचं, ह्याच्यासमोर आपलं काम नीट असलं पाहिजे.

साती चौथरे उत्तरेश्वरनं ओतले होते. दीपमालानं खडी धुतली, वाळू चाळली, एकवीस दिवस पाणी मारलं. अपूर्वानं लेव्हल लावून बघितली आणि उत्तरेश्वरला म्हणाली, "उत्तरेश्वर, तुमच्याइतकं सरळ काम आमच्या ऑफिसात कुणी करत नाही." मग जाताना दीपमालाला बजावून गेली, "पानं, धूळ, पक्ष्यांची घाण, साठलेलं पाणी, एवढं काढायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. अगदी नाही."

दीपमालानं मान डोलावली. आणि महिन्याभरात हात लावला.

झालं ते असं. डिसेंबरात रब्बीचं पाणी कालव्यातून अर्ध्या उंचीनं वाहत होतं. एका पहाटे चार नंबर पुसताना तिला तो झुकल्यासारखा वाटला. दुसऱ्या कुणाला वाटला नसता. तिनं घरून लेव्हल आणली. बुडबुडा रेघेच्या बाहेर. मग लेव्हल पाइप आणला, पाणी भरलेली नळी. चौथऱ्यापासून तीस फुटांवर कालव्याचं अंतर दाखवणारा जुना साखळीदगड कातळात रोवलेला होता. उत्तरेश्वरनं काम करताना त्यावर लाल रंगानं उंचीची खूण केली होती. त्या खुणेला नळी लावून बघितलं. कोपरा खाली गेला होता. अर्धं सूत.

तिनं विचार केला तो गवंड्याच्या बायकोनं करावा तसाच केला. तिला वाटलं, चौथरा खचला. आपला चौथरा. नवऱ्याच्या हातचा.

त्याच आठवड्यात उत्तरेश्वरची एका नव्या सोसायटीच्या कामावर लाज निघाली होती. दुसऱ्या मजल्यावरची भिंत ओळंब्यात नव्हती. ती त्यानं बांधलीच नव्हती, पण ठेकेदारानं वीस माणसांसमोर त्याच्या हातात पहार दिली आणि म्हणाला, "पाड. बांधता येत न्हाय तर पाडता तरी येतंय का बघू." उत्तरेश्वरनं पाडली. त्यानंतर तीन दिवस त्याचं जेवणाकडं लक्ष नव्हतं. ताटावर बसायचा आणि भाकरी तशीच ठेवून उठायचा. अशा माणसाला कसं सांगायचं की तुमचा चौथराही बसला?

बोल्टांवर नट होते. तिनं पाना आणला, कोपरा खुणेला येईपर्यंत नट वर चढवला. एक आटा, म्हणजे नटाचा एक पूर्ण फेरा. बुडबुडा मधोमध आला. तिला इतकं बरं वाटलं की खाली उतरताना ती गुणगुणत होती.

बारा दिवसांनी पुन्हा एक आटा. मग दीड. जानेवारीच्या अखेरीला दोन. प्रत्येक वेळी ती कॅलेंडरवर त्या तारखेच्या गोलाशेजारी उभ्या रेघा ओढायची. अर्ध्या आट्याला आखूड रेघ. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. मापाशिवाय हात चालत नाही, एवढंच.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी अपूर्वा टॅबलेट घेऊन आली. कालवा तीन आठवडे बंद होता, तळ कोरडा पडला होता. सोमवारी उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटणार होतं, पूर्ण भरून. ज्ञानदेव आबा आणि खालचे ऊसवाले त्याच्यावर डोळे लावून बसले होते. उसाची पानं दुपारी सुरळी व्हायची.

भरावावर ती उत्तरेश्वर आणि दीपमालाला चित्र दाखवू लागली. वरून दिसणारी मांजरी, तिच्यावर हजारो ठिपके. हिरवे म्हणजे जागेवर. पिवळे, लाल म्हणजे खाली जाणारे.

"हे सगळं त्यानं सांगितलं?" उत्तरेश्वर म्हणाला. त्यानं हात पँटीला पुसले आणि मग बोट पुढं केलं, तेही स्क्रीनला न लावता.

"त्यानंच. हा बघा, हा नवा पूल. उन्हाळ्यात फुगतो, थंडीत आखडतो, तेही दिसतं." अपूर्वाच्या आवाजात एरवी नसायचं ते कौतुक आलं होतं. "आणि हे तुमचे कोपरे. सगळे थोडे थोडे खाली-वर होतात, मातीचा भराव आहे, होणारच. पण हा चार नंबर बघा. जाग्यावरून हलत नाही. मी तर बाकीच्यांचं माप ह्याच्यावरून धरते. शनिवारी रिपोर्ट देणार, सोमवारी पाणी. आणि पुढच्या टप्प्यात असे चाळीस चौथरे आहेत, ते तुमच्याकडूनच करून घ्या असं मी लिहिलंय."

उत्तरेश्वरच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा उजेड दिसला. "ऐकलं का?" तो बायकोला म्हणाला.

दीपमाला हसायला गेली आणि तिचं लक्ष चार नंबरच्या खालच्या दोन ठिपक्यांवर गेलं. ते लाल होते. "मॅडम, हे?"

"ते खालच्या घरांचे पत्रे. तुमचं आणि शेजारचं. दिसतंय खाली चाललेत, पण त्यांच्या डोक्यावरचा कोपरा जर हलत नाही, तर पत्र्यांचं काय खरं? उन्हानं वाकत असतील. मी ते गाळून टाकते."

अपूर्वा पाच नंबरकडं गेली, उत्तरेश्वर तिची बॅग घेऊन मागं. दीपमाला तिथंच उभी राहिली. तिला एकदम सगळं कळलं. चौथरा खचला असेल तर चौथराच खचेल. घर कशाला खचेल? मागच्या खोलीचं दार जानेवारीपासून घासत होतं. उत्तरेश्वरनं ते रंध्यानं तासलं होतं. ओट्याला पडलेली चीर त्यानं सिमेंटनं भरली होती, दोनदा. गवंड्याचं घर ना, चीर दिसली की भरायची! आणि घरामागं, भरावाच्या पायथ्याशी, विमलाबाईचं अळू मार्चच्या उन्हात कानाएवढं व्हायचं सोडून सुपाएवढं झालं होतं. कालवा कोरडा आणि अळवाला ओल. सगळी आळी त्या अळूच्या वड्या खाऊन म्हातारीच्या हाताला गुण आहे म्हणत होती.

वरच्यानं खरं सांगितलं होतं. त्याला खोटं पाडलं ते तिनं, पाना फिरवून.

संध्याकाळी उत्तरेश्वर अंघोळ करून बसला तेव्हा तिनं सांगितलं. एका दमात, कॅलेंडर समोर धरून. विमलाबाई चुलीपाशी होती. पीठ मळता मळता तीही ऐकत होती.

उत्तरेश्वरनं बोटानं एकेक रेघ मोजली. "अकरा आटे," तो म्हणाला. "मला आंधळा समजलीस व्हय?"

"तसं न्हाई ओ. तुमचं तोंड बघवत नव्हतं मला."

"उद्या सांगायलीस त्या मॅडमला?"

"सांगावं लागंल. सोमवारी भरून पाणी सुटणार हाय."

"सांग की. चाळीस चौथरे गेले. गवंड्याचा पाया बसला, ह्ये सगळ्या मांजरीत होईल. परत ह्या गावात थापी धराया मिळणार न्हाई मला." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि दीपमालाला तेच जास्त लागलं. "सांग. मी आडवत न्हाई. फक्त माझ्याशी बोलू नको."

तो उठून बाहेर जाऊन बसला. विमलाबाईनं भाकरी थापायला घेतली आणि थापता थापता हळूच म्हणाली, "सांग गं बाई. त्येचा राग म्या बघते."

शुक्रवारी सकाळी तिनं फोन लावला. अपूर्वानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला हात लावू नका म्हटलं होतं, त्याचा अर्थ काय लावलात आपण?" पुणेरी बोलणं ते, शिवी परवडली असती.

"चुकलं मॅडम."

"किती वर चढवलाय? अंदाजे?"

"अंदाजे न्हाई. अकरा आटे. तारखेनिशी लिवलंय."

"तारखेनिशी?"

"कॅलेंडरवर."

"फोटो काढून पाठवा. आणि आता खरंच हात लावू नका. मी निघाले."

ती अकराला आली. बरोबर खात्याचे शाखा अभियंता होते, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. पाणी लांबणार अशी कुणकुण लागल्यामुळं ज्ञानदेव आबा आणि सात-आठ ऊसवालेही चढून आले. ऊन रखरखत होतं. उत्तरेश्वर कामावर गेला नव्हता. तो सगळ्यांच्या मागं, चौथऱ्यापासून लांब उभा होता.

"मॅडम," साहेब म्हणाले, "एका बाईनं पाना फिरवला म्हणून मी आवर्तन थांबवायचं? वर काय कळवू?"

"दीपे, तुला सांगितलंय कुणी ह्यो उद्योग?" ज्ञानदेव आबा कडाडले. "तुझ्या नटापायी आमचा ऊस वाळवाय लागली व्हय? ज्या जागेत ऱ्हातीस ती कुणाची हाय?"

दीपमालानं पदर डोक्यावर ओढला. तिला वाटलं जमीन आताच खचावी. पण ती तिथून हलली नाही.

अपूर्वानं टॅबलेट साहेबांच्या समोर धरला. "ही चार नंबरची रेघ. सरळ. आता ह्यांनी ज्या तारखेला जेवढे आटे दिले, तेवढं मी त्या त्या तारखेला परत वजा केलं. एका आट्याला पावणेदोन मिलिमीटर. अकराचे झाले सव्वाएकोणीस, म्हणजे पाऊण इंच. आता बघा."

रेघ खाली वाकली. आधी सावकाश, जानेवारीनंतर भराभर.

"आणि ही खालच्या पत्र्यांची रेघ, जी मी गाळून टाकली होती." तिनं दुसरी रेघ पहिलीवर ठेवली. दोन्ही एकमेकींवर अशा बसल्या की एकच दिसू लागली. "पत्रे तीन महिने सांगत होते. मी ऐकलं नाही. लिहायचं असेल तर तेही लिहा, चूक माझी आहे. पण साहेब, मी पाच वर्षं हे काम करते. आभाळातून घेतलेलं माप आणि पान्यानं घेतलेलं माप इतकं जुळलेलं मी अजून पाहिलं नव्हतं."

ती दीपमालाकडं वळून बघत होती.

साहेबांनी कपाळ पुसलं. ते वाईट नव्हते. पण सोमवारचा हुकूम त्यांच्या खिशात होता. "चौथरा कुणी ओतला?"

"ह्यांनी. उत्तरेश्वर," अपूर्वा म्हणाली.

"आणि खालची ती दोन घरं?"

"मीच बांधलीत," उत्तरेश्वर मागून म्हणाला.

"म्हणजे बघा. चौथराही ह्याचाच, घरंही ह्याचीच. गवंड्याचं काम कच्चं असेल, तर दोन्ही सारखीच बसतील. त्यात कालव्याचा काय संबंध?"

उपग्रह किती खाली गेलं ते सांगतो, का गेलं ते सांगत नाही. एक ऊसवाला मागं हसला. दीपमालानं नवऱ्याकडं बघायचं धाडस केलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

तो उतारावरून खाली गेला. सगळ्यांना वाटलं, गेला बिचारा तोंड लपवून. पाच मिनिटांनी तो परत चढून आला, खांद्यावर पहार आणि हातात फावडं.

"साहेब, दुसऱ्याचं काम कच्चं असंल, माझं न्हाई," तो म्हणाला. "बोलून कशाला? खांदून बघू. चौथऱ्याला बारीक जरी चीर निघाली तरी मी तुमच्यासमोर थापी कालव्यात टाकतो."

त्यानं कालव्याच्या विरुद्ध अंगानं, चौथऱ्याला लागून खणायला घेतलं. कुणी त्याला थांबवलं नाही. माती वरून कोरडी, फूटभर खाली ओलसर. घाम त्याच्या नाकावरून पहारीवर ठिबकत होता. दीपमाला पुढं होऊन न सांगता माती ओढू लागली, इतक्या वर्षांची सवय. त्यानं तिला हाकललं नाही आणि तिच्याकडं बघितलंही नाही.

चौथऱ्याची बाजू उघडी पडली. गुळगुळीत, करकरीत, कोपरे धारदार. साहेब वाकून बघू लागले. त्यांनी बोटानं चाचपलं. चीर नव्हती.

उत्तरेश्वरनं पहार चौथऱ्याच्या तळाशी तिरकी घातली आणि जोर दिला. पहार आत गेली. अडली नाही. मुठीपर्यंत सरळ आत गेली आणि त्याच्या हातातून सुटता सुटता राहिली. त्यानं ती फिरवून भोक रुंद केलं, बाहेर ओढली, गुडघ्यावर बसला, मग पोटावर आडवा झाला आणि भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. त्याचा गाल मातीला टेकला.

"गार वारं येतंय आतनं," तो म्हणाला.

त्यानं एक खडा उचलून आत टाकला. सगळे कान देऊन ऐकत होते. आवाज यायला वेळ लागला, आणि तो आला तो पाण्यात पडल्याचा.

उत्तरेश्वर उठला. कालच्या संध्याकाळपासून तो बायकोशी पहिल्यांदा बोलला. "दीपे, पळ. आईला घरातनं काढ."

ती उतारावरून घसरत, धडपडत गेली. मागून साहेबांचा आवाज ऐकू येत होता, ते फोनवर ओरडत होते, "पाणी सोडायचं नाही! माझ्या नावावर लिहा, पण सोडायचं नाही!" आणि दुसरा आवाज ज्ञानदेव आबांचा होता, ऊसवाल्यांना उद्देशून. "आरं बघत काय उभं ऱ्हायलाय? बत्तीस घरं हायेत खाली! टॅक्टर आणा!"

दुपारभर घरं रिकामी होत होती. पिंपं, गाद्या, शेगड्या, टीव्ही, शेळ्या. ज्या ट्रॅक्टरनं ऊस न्यायचा त्यात आळीचा संसार भरला गेला आणि आबांच्या शेतघरापुढं उतरला. आबा स्वतः डोक्यावर पिठाचा डबा घेऊन निघाले होते. "आमचा ऊस आठ दिस कळ काढील," ते ज्याला त्याला सांगत होते, जसं काही कुणी विचारलंच होतं. विमलाबाई निघायला तयार नव्हती. शेवटी तिनं अळूची सहा पानं खुडून घेतली आणि मगच ट्रॅक्टरवर चढली.

चारला जेसीबी आलं आणि भराव वरून उघडला. आत एक दगडी मोरी, खालून पाणी जाऊ देणारा जुना बोगदा, निघाली, कुठल्याच नकाशावर नसलेली. कालवा बांधायच्या आधी तिथून ओढा जात असणार. ज्यांनी बांधली त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली असतील. दगडांमधला चुना पाण्यानं धुऊन नेला होता, आणि त्या फटींतून रब्बीच्या पाण्याबरोबर भरावाची माती रोज थोडी थोडी वाहून गेली होती. पोकळी एवढी मोठी की आत बैलगाडी वळवता आली असती. तिच्यावर दोन हात मातीचं छत उरलं होतं आणि त्यावर चार नंबरचा चौथरा, अखंड.

सोमवारी भरून पाणी सुटलं असतं तर काय झालं असतं, हे साहेबांनी बोलून दाखवलं नाही. ते टोपी हातात घेऊन भोकाकडं बघत राहिले. मग उत्तरेश्वरजवळ जाऊन म्हणाले, "मी जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो. आता सगळ्यांसमोर परत घेतो. इतकं पक्कं काम मी पाहिलं नाही."

दीपमाला मोरीच्या तोंडाशी वाकून दगड बघत होती. "चुना गेला, पण दगूड आजून ओळीत हायेत," ती अपूर्वाला म्हणाली. "लई चांगल्या हातांनी बांधलंय ओ."

"तुम्हाला कळतं ते," अपूर्वा म्हणाली. थोडं थांबून तिनं विचारलं, "दीपमालाताई, पुढच्या चाळीस कोपऱ्यांची मापं कुणीतरी जमिनीवरूनही घ्यायला हवीत. पाइप लावून, तारखेनिशी. पाना न लावता. कराल?"

"पाना तुमीच घेऊन जा," दीपमाला म्हणाली आणि खरंच आणून दिला.

दिवेलागणीला आबांच्या शेतघराच्या ओट्यावर तीन दगडांवर विमलाबाईनं चहा ठेवला. आळीतली बाया-माणसं आपापल्या बोचक्यांवर टेकली होती. उत्तरेश्वर चुलीपासून जरा बाजूला, मातीनं भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. दीपमालानं त्याच्यासमोर चहाची बशी ठेवली आणि परत वळली.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. त्याच्या उजव्या दंडाला भोकात घासून खरचटलं होतं, त्यावर माती सुकली होती.

"पयल्या आट्याला सांगायचं हुतंस," तो म्हणाला.

"सांगणार हुते. त्या भिंतीपासून तुमी जेवत नव्हता. परत तुमचं तोंड तसं झालेलं मला बघवलं नसतं."

उत्तरेश्वरनं चुलीकडं बघितलं. विमलाबाई जाळ फुंकत होती, शेजारणीला अळूच्या वड्या कशा वळायच्या ते सांगत होती, धुरानं तिचे डोळे पाणावले होते आणि मधूनच ती कुठल्याशा गोष्टीवर हसत होती.

"माझं तोंड काय," तो म्हणाला, "धुतलं की परत येतंय. ही म्हातारी कुठनं आणली असती?"

दीपमालाला काल रात्रीपासून न आलेलं रडू तेव्हा आलं. तिनं ते पदरात दाबायचा प्रयत्न केला नाही. उत्तरेश्वरनं बशी उचलली, अर्धा चहा पिऊन अर्धा तिच्यापुढं सरकवला आणि ट्रॅक्टरमधून शेजारच्यांचं कपाट उतरवायला उठून गेला.